भरल्या बादलीची पावलं

नकाशा नव्हता.
गिरणीच्या दप्तरात पगारपत्रकं सापडली, वाळवी लागलेली,
बॉयलरचा परवाना,
आणि कोणाचा तरी न नेलेला डबा.
रंगखात्याचा खड्डा कुठंच नव्हता.
तो आहे हे सगळ्यांना माहीत होतं,
कागदालाच तेवढं माहीत नव्हतं.

म्हणून तांडापेठेतून डोमाजी सोनकुसरेंना आणलं.
वय ब्याऐंशी. खिशात खर्रा, डोक्याला पंचा.
रंगखात्यात एकतीस वर्षं,
त्यातली बरीचशी रात्रपाळीची.
मी ड्रिलवर नोंद घेणारी बाई.
किती मीटरवर काय लागलं, रंग कसा, वास कसला,
एवढं लिहायचं, पिशवीवर नंबर टाकायचा,
पिशवी बर्फाच्या डब्यात.

फाटक आता नाही,
भंगारात गेलं त्याच्या दोन खाचा आहेत दगडात.
तिथं ते उभे राहिले, डोळे मिटले,
आणि ओठांत आकडे मोजत निघाले
बाभळीतून, विटांच्या ढिगांतून,
भिंत होती तिथं वळत,
दार होतं तिथं थोडं वाकत.
एकशे चाळीस. "इथं."

मशीन लावलं.
अर्धा मीटर, राख आणि विटांचा चुरा.
दीड मीटर, काळी माती, ओलसर.
तीनवर पिवळा मुरूम,
नागपुरात कुणाच्याही अंगणाखाली निघावा तसा, निर्दोष.
चार. पाच.
इंजिनिअर घड्याळ बघू लागला, भोकाचे पैसे मीटरवर असतात.
"बाबा, तुमची गिरणी दुसरीच असेल," कोणी हसलं.
ते काही बोलले नाहीत. खर्रा थुंकले
आणि बस धरायला गेले.

मी वहीत लिहिलं: काही नाही.

दुसऱ्या दिवशी न बोलावता आले,
हातात पत्र्याची बादली, कडीला चिंधी गुंडाळलेली.
टँकरच्या नळाखाली ती काठोकाठ भरली.
"काल रिकाम्या हातानं चाललो ना मी, बाई.
भरली बादली असली का पाऊल लहान पडते.
सांडली तर पायाले चट्टे.
फोरमन बोंबलन ते वेगळंच."

आणि निघाले, एका खांद्यानं कललेले,
अंगठ्यानं जमीन चाचपत,
तीच भिंत, तेच दार.
मध्ये एकदा थांबून हात बदलला.
इथंच बदलायचो म्हणाले, इथं दिवा होता.
एकशे चाळीस.
कालच्या भोकाच्या अलीकडं, एकवीस मीटर.
बादली ठेवली. पाणी हिंदकळलं, सांडलं नाही.

दोन मीटर वीसला रंग लागला.
नळी कापली तसे सगळे पुढं झाले.
आधी हिरवट पिवळा, मग निळा,
मग एक जांभळा, इतका ताजा
की माझ्या हातमोज्याला चिकटून वर आला.
"काठाचा," ते म्हणाले. "लुगड्याच्या काठाचा.
लय खपला हा."
आणि बऱ्याच वेळानं,
"आमाले वाटलं, जमीन खाऊन टाकन."

तक्त्यात रंगाचा रकाना आहे,
त्यात गडद जांभळा असं लिहिलं.
माहितीचा स्रोत: स्थानिक व्यक्ती.
मग ते खोडून पूर्ण नाव लिहिलं.

आता ताडपत्री घातलेले ट्रक
रोज बुटीबोरीच्या रस्त्याला लागतात.
खड्ड्याच्या जागी पोहण्याचा तलाव येणार आहे,
चित्रात तो फार निळा आहे.
आमच्या कामाची हद्द कुंपणाच्या भिंतीपर्यंत.
भिंतीपलीकडं वस्ती, वस्तीत हापसा.

त्या दिवशी डोमाजींनी बादली पुन्हा उचलली होती.
मला वाटलं, ओतून टाकतील.
ते उताराच्या बाजूनं चालत गेले,
तशीच लहान पावलं टाकत, मोजत,
बादली भिंतीला टेकेपर्यंत.
पलीकडून हापशाचा आवाज येत होता,
आधी कोरडा, मग भरलेला.
"छप्पन," ते म्हणाले. "लिव."

त्याला रकाना नव्हता.
समासात थोडी जागा होती.